तेचेरा मेस्त्रींचा रंधा चादरीवर

लीबेर आरोसेनाने आयुष्यात एक फळी धड तासलेली नाही, पण त्याच्या घरात एकोणचाळीस रंधे आहेत. पलंगाखाली, कपाटावर, दोन तर स्वयंपाकघराच्या खिडकीत, जिथे इतर लोक टोमॅटो पिकायला ठेवतात. पटाश्या, गिरमिटं, काटकोन तपासायचे गुण्ये वेगळेच. नोकरी बेकरीत. रात्रभर पाव भाजायचा, सकाळी घरी येऊन रेडिओवरची बाराची निधनवार्ता ऐकायची आणि मग झोपायचं. लग्न त्याने केलं नाही. केलं असतं तर बाईला झोपायला जागा कुठे होती, हा प्रश्नच आहे.

निधनवार्ता आमच्या मिनास गावात कुणी चुकवत नाही. रेडिओवर ती वाचणारा मी. त्यामुळे पुढे जे झालं त्यात माझाही हात आहे, हे आधीच कबूल करून टाकतो.

दर रविवारी लीबेर बेकरीतून थेट बाजारात येई, केसांत पीठ तसंच. जुनं सामान विकणारे रस्त्याकडेला चादरी अंथरतात. कुलपं, बाहुल्या, इस्त्र्या आणि मधेच गंजकी अवजारं. लीबेर रंधा उचलायचा, पण पातं बघायचा नाही. तो आधी नाकाड बघायचा. आमच्याकडचे जुने सुतार लाकडी रंध्याच्या पुढच्या टोकावर आपली अक्षरं ठोकतात. रंधा पुढे ज्याच्याकडे जाईल तो त्याखाली आपली ठोकतो. ती अक्षरं वाचून लीबेर सांगायचा, "हा सोलीसच्या रस्त्यावरचा बास्किस. खुर्च्या करायचा. गेला वाटतं."

गेलाच असायचा. कारण जिवंत सुताराचं अवजार चादरीवर येत नाही. म्हातारा झाला की तो ते मुलाला देतो, मुलगा नसला तर शागीर्दाला, तोही नसला तर भिंतीला टांगून बघत बसतो. पण विकत नाही. अवजार रस्त्यावर आलं म्हणजे मालक जमिनीखाली गेला, एवढं इथे शाळकरी पोरालाही कळतं. म्हणून मी लीबेरला चिडवायचो, "तुझं घर नाही रे, स्मशान आहे. एकोणचाळीस माणसं."

तो रविवार मे महिन्यातला, थंडी नुकतीच लागलेली. मी गरम तळलेली पोळी खात त्याच्या शेजारी उभा होतो. कासिल्दाच्या चादरीवर एक अख्खी पेटी उघडी पडलेली. लीबेरने वरचा रंधा उचलला, नाकाड फिरवलं आणि तसाच उभा राहिला. मी डोकावलो. दोन अक्षरं: फु. ते.

"तेचेरा मेस्त्री," तो म्हणाला.

फुल्हेन्सियो तेचेरांना गावात कोण ओळखत नव्हतं? पण लीबेरची ओळख वेगळी. सतराव्या वर्षी तो त्यांच्याकडे शिकायला राहिला होता. आठव्या महिन्यात त्याने हाच रंधा खिळा असलेल्या फळीवरून चालवला. पात्याचा तुकडा उडाला. मेस्त्री ओरडलेही नाहीत. "तुझे हात कणीक मळायचे आहेत. जा," एवढंच म्हणाले. आणि हा गाढव खरंच बेकरीत गेला. त्याला एकतीस वर्षं झाली. तेव्हापासून तो त्यांच्या गल्लीतून गेला नव्हता. गावात कुणी "तू कुणाकडे शिकलास?" असं विचारलं, की विषय बदलायचा.

"कासिल्दा, हे कुठून आलं?"

"मेस्त्रींच्या पोरीने दिलं, सुल्माने. खोली रिकामी करतेय म्हणाली."

"ते कधी गेले?"

"मला काय माहीत बाबा? मी पेटी उचलली, तारीख नाही विचारली."

"आणि ती रडत होती का?"

"घाईत होती."

लीबेरने खिसे उलटे केले, अंगातलं लोकरी जाकीटही दिलं आणि पेटी उचलली. घरी नाही गेला. माझ्यामागे थेट रेडिओ केंद्रावर आला.

"लिही," तो म्हणाला. "मला कुणी कळवलं नाही. गावालाही कुणी कळवलं नाही. कुत्र्यासारखं पुरून टाकलं का त्यांना?"

नियमाने अंत्यविधीवाल्यांची चिठ्ठी लागते. पण रविवार होता, आणि लीबेरचा चेहराच चिठ्ठीसारखा होता. मी लिहायला बसलो.

"'सुतार फुल्हेन्सियो तेचेरा यांचे निधन झाले आहे. हे कळवतो त्यांचा…' तुला कोण लिहू? ओळखीचा?"

तो पेटीवर हात ठेवून थांबला.

"शागीर्द लिही."

"लीबेर, आठ महिने…"

"शागीर्द लिही. आता नाही म्हणायला कोण उरलंय?"

बारा वाजून चार मिनिटांनी मी ते वाचलं. चांगल्या आवाजात वाचलं, उगाच खोटं कशाला बोलू.

दुपारी तीनला रेडिओचं दार काठीने उघडलं. समोर एका डोळ्यावर पट्टी बांधलेले, चौऱ्याऐंशी वर्षांचे फुल्हेन्सियो तेचेरा.

माझ्या हातातला कप खाली पडला. त्यांनी तो फुटताना शांतपणे बघितला.

"तूच का वाचणारा? जेवायच्या आधी मेलो मी. येर्बाच्या चहाची नळी तोंडात होती, चहाचा तुंबा अजून गरम होता. शेजारीण फुलं घेऊन आली, दारात मला बघून पायरीवरच बसली. भाचा टाय लावून आला. आता सांग, मला मारलं कोणी?"

मी लीबेरच्या घराकडे चालू लागलो, ते मागून काठी आपटत आले.

लीबेरने दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात तोच रंधा होता, तेलाच्या चिंधीसकट. पीठ त्याने चेहऱ्यावरून धुतलं होतं, तरी चेहरा पांढराच झाला. तो मागे सरकत गेला आणि कपाटाला टेकला. वरून कुणा मेलेल्या सुताराचा गुण्या खाली आला.

"आत येऊ का?" मेस्त्री म्हणाले, "की मेलेल्यांना मनाई आहे?" मग त्यांनी भिंतीवरून नजर फिरवली. "मनाई दिसत नाही."

"मेस्त्री… तुम्ही…"

"मोंतेविदेओला होतो. तीन महिने, डोळ्यासाठी. शुक्रवारी आलो. कुणी सांगितलं तुला मी मेलो?"

लीबेरने रंधा पुढे केला. मेस्त्रींनी तो चांगल्या डोळ्याजवळ धरला. मग टेबलावरची पेटी बघितली, मग परत रंधा.

"हे तुझ्याकडे कसं?"

"बाजारातून."

"कुठून बाजारातून?"

"चादरीवरून, मेस्त्री."

इतका वेळ ते चिडलेले होते, पण आता त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मी खुर्ची सरकवली, ते बसले.

"सुल्मा म्हणाली कामाच्या खोलीला रंग द्यायचाय, म्हणून कुलूप," ते हळू म्हणाले. "मी चावी मागत होतो. दोन दिवस मागत होतो."

लीबेरच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण तो पुसत नव्हता, जणू हात हलवला तर आणखी काही फुटेल.

"मग चूक तुझी नाही," मेस्त्री शेवटी म्हणाले. "हे चादरीवर बघून मलाही तेच वाटलं असतं."

"घेऊन जा मेस्त्री. मी आत्ता पोचवतो."

"कुठे? त्या कुलपात?" त्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला. "धार कुणी लावली?"

"मी. आत्ताच."

"वाईट आहे." मग मान वर न करता, "आणि शागीर्द कोणी म्हटलं रे तुला?"

"कोणीच नाही," लीबेर म्हणाला. "तुम्ही मेला होतात, म्हणून म्हटलं."

मेस्त्री उठले. रंधा टेबलावर ठेवला आणि गेले. लीबेर दारात उभा राहून त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. मेस्त्री मेले होते तेव्हाही त्याला एवढा धक्का बसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला मेस्त्री परत रेडिओवर हजर. वहीचा कागद, मोठी वाकडी अक्षरं, खाली सही. "हे वाच. जसंच्या तसं."

मी वाचून बघितलं. "मेस्त्री, दुसरं वाक्य कशाला? कालच्यात मरणाखेरीज होती ती फक्त लीबेरची ओळ."

"तुला वाचायचा पगार मिळतो ना? वाच."

बाराला मी वाचलं: "सुतार फुल्हेन्सियो तेचेरा जिवंत आहेत. कालच्या निवेदनातला बाकी मजकूर बरोबर आहे."

फोन लगेच वाजला. पलीकडे नुसता श्वास.

"लीबेर?"

"तू चुकून वाचलंस का?"

"नाही."

"कागद आहे? त्यांच्या हातचा?"

"आहे. सही आहे."

मग म्हणाला, "कुठे ठेवू नकोस. हातात धर. मी येतोय."

दहा मिनिटांत तो दारात होता, पायजम्यात, एका पायात चप्पल आणि दुसरा अनवाणी.