दुसरा भाग

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. ती जाईपर्यंत नाही. तुमच्यापाशी सांगून राहिलो — का, ते माझं मलाच माहीत नाही.

मी चौथी नापास. पण कोणी अडाणी म्हटलं की अंगावर धावून जायचो. सौंसरच्या वाचनालयात एक जाडजूड कादंबरी होती — घर सोडून गेलेल्या पोरीची, दोन भागांची. शाळेतल्या गुरुजींच्या बायकोनं, शांतावहिनीनं, पहिला भाग वाचून माझ्या हाती दिला. "वाचा भाऊजी. रडाल." दुसरा भाग आला तेव्हा ती खोकल्यानं अंथरुणावर. मी आधी उचलला.

संपला तेव्हा गोठ्यात बसून रडलो. मी, रडलो. मग तसंच दुसरं काही पाहिजे झालं. आमच्याकडे रीत होती — पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर वाचणारा पेन्सिलीनं लिहायचा, हे आवडलं तर पुढं काय वाचावं. या पुस्तकाचं ते पान कोरंच. पहिला वाचणारा मीच ना. कपाट उपसलं. बसनं पांढुर्ण्याला जाऊन तिथलंही पाहिलं. सगळा उसाचा चोथा. त्यातच राज्यांची वाटणी झाली, नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं, आमचं सौंसर हिंदी मुलखात राहिलं; मराठीच्या जागी हिंदी पुस्तकं येऊ लागली. मग काय केलं? तोच भाग पुन्हा वाचला. अजून एकदा. परत केलाच नाही.

वाचनालय सांभाळणारे बुवा हसायचे, "काय पाटील, अक्षरं मोजून राहिले का?" मी मान डोलवायचो. ज्या 'अडाणी' शब्दासाठी लोकांवर हात उचलला, त्याच शब्दाच्या आड लपलो — आठवलं की स्वतःवर थुंकावंसं वाटतं.

गुरुजी शांतावहिनीला इलाजासाठी नागपूरला घेऊन निघाले. बसच्या खिडकीशी ती, नुसती हाडं. मी निरोपाला गेलो. पुस्तक घरी, सरकीच्या पोत्यामागं.

"भाऊजी, शेवटी ती पोरगी घरी आली का जी?"

एका शब्दाचं उत्तर. पण दिलं असतं तर वाचून झालं हे कळलं असतं. मग पुस्तक द्यावं लागलं असतं.

"अजून तिथवर पोचलो नाही, वहिनी. मला वेळ लागते."

"लागू द्या. आरामात वाचा. मग पत्रानं कळवा."

माझी कीव केली तिनं. मी करू दिली.

तीन आठवड्यांनी गुरुजी एकटेच परतले. पत्र मी लिहिलं नव्हतं.

पुस्तक अजून माझ्यापाशी आहे. शेवटून चौथ्या पानावर पोरगी घरी येते.