सुलतानचं पाणी

आता माझी अक्कल भर गावात कशी उघडी पडली, ते ऐका! आधी चहाचा घोट गिळून घ्या, नाहीतर ठसका लागंल.

ऐंशीच्या दशकातला दुष्काळ. नळदुर्गजवळच्या एका गावात मी मास्तर. विहिरी कोरड्या ठणठणीत, अन् माझ्या कुत्र्याला, सुलतानला, नेमका लघवीचा आजार! औषध दिलं की बरा, थांबवलं की पुन्हा कण्हणं सुरू.

उमरग्याचे जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "मास्तर, जंतू मूत्राशयात चिकट थर धरून बसलेत. रांजणातलं शेवाळ नुसतं पाणी बदलून जातं का? तसंच हे. थर फुटेपर्यंत औषध चालू ठेवावं लागेल. पण आधी लघवी तपासू. बाटलीत धरून आणा."

धरून आणा! सांगायला काय जातंय? मी आपला बाटली घेऊन दिवसभर सुलतानच्या मागं. तो थांबला की मी वाकायचो, तो पळाला की मीही पळायचो!

दूध सोसायटीचे चेअरमन अण्णा हे सगळं पारावरून बघत होते.

"काय मास्तर, पाणी घावलं का?"

वा! लघवी म्हणायला लाजतोय बिचारा. केवढा सभ्य माणूस! मी म्हटलं, "येतंय अण्णा, पण थेंब थेंब."

"मग अडलंय कुठं?"

"आत चिवट थर बसलाय. उमरग्याचे साहेब म्हणाले, तो फुटला पाहिजे."

"फोडू की! पर ह्यो जास्त कुठं थांबतोय?"

"तुमच्या सोसायटीच्या पायरीपाशी."

"व्हय?" अण्णांचे डोळे चमकले. मुक्या जनावराची एवढी कळकळ! माझा तर ऊरच भरून आला.

दुसऱ्या दिवशी शाळेला निघालो, बघतो तर काय? सोसायटीची पायरी गायब! नारळ फुटलेला, गडी घामाघूम, अन् पुरुषभर खड्डा!

"अण्णा, हे काय?"

"पाणी! तुमच्या कुत्र्यानं दावलेलं! थर बी लागलाय बघा. सुरुंग मागवलाय!"

सुरुंग! मी खड्ड्याकडं धावलो.

"अण्णा, थांबा! पाणी म्हणजे... त्याची लघवी हो! ती तपासायला न्यायची होती!"

गडी पहारी टाकून पोट धरून बसले. एक तर हसता हसता खड्ड्यात घसरला. हसले नाहीत ते फक्त अण्णा.

बाटली पुढं भरली, औषध बरेच दिवस चाललं, सुलतान खडखडीत बरा झाला. पण त्या दिवशी अण्णांनी शांतपणे फावडं माझ्या हातात दिलं.

"मास्तर, खड्डा बुजवा. सुलतानलाच सांगणार हुतो, पर ते बिचारं आजारी हाय."