पाय पश्चिमेकडे

आमच्या दफनभूमीत सगळ्यांचे पाय पूर्वेकडे. शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल, प्रभू पूर्वेकडून येईल, तेव्हा उठणाऱ्याचं तोंड थेट त्याच्याकडे असावं म्हणून. परळच्या आमच्या चाळीत आमचं एकच ख्रिस्ती घर, पण आईने हे आम्हा भावंडांना अक्षरओळखीच्या आधी शिकवलं होतं. वडील गेले तेव्हा त्यांच्या शेजारची जागा तिने स्वतःसाठी सांगून ठेवली. "उठल्या उठल्या एकमेकांना दिसू," म्हणायची.

माझा थोरला भाऊ गिरणीत साच्यांवर कापड विणायचा. संयुक्त महाराष्ट्रासाठी मोर्च्यात जायचा, घसा बसेपर्यंत घोषणा द्यायचा. आई आणि मी नगरकडे मामेबहिणीच्या लग्नाला गेलो होतो, आणि इकडे लालबागच्या नाक्यावर त्याला गोळी लागली. आम्ही परत पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. गिरणीतल्या सोबत्यांनी त्याला अग्नी दिला होता.

त्यांना माहीतच नव्हतं. त्याचं नाव त्यांच्यासारखंच, गळ्यात क्रूस नाही, गणपतीत आरतीला झांजा घेऊन हा सर्वांच्या पुढे. संचारबंदीत चाळीपर्यंत बातमी पोचायला उशीर झाला आणि तोवर त्यांनी चिता रचली होती.

आई तशीच पाळकसाहेबांकडे गेली. तिला एकच विचारायचं होतं.

"साहेब, माझा मुलगा उठेल का?"

हा माणूस दर रविवारी शेवटच्या दिवसाचं इतकं बारकाईने वर्णन करायचा, की जणू त्याचं वेळापत्रक त्याच्याच खिशात होतं. कबरी कशा उघडतील, समुद्र त्याच्यातले मेलेले कसे परत देईल, पापी कसे जळतील, सगळं पाठ. आता मात्र तो बुटांकडे बघत राहिला. "बाई, देहच नाही तर दफनविधी कशाचा करू? प्रभूची इच्छा." आणि वर म्हणतो, "त्या चळवळीच्या नादी लागला नसता तर..."

मी त्याला दोन शब्द ऐकवणारच होते, पण आईने हात धरून मला बाहेर काढलं. त्या 'तर'चा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

मग तिला वाटलं, निदान राख तरी वडिलांच्या शेजारी पुरावी. भावाच्या एका सोबत्याला घरी बोलावलं. बिचारा दारातच उभा राहिला.

"मावशी, आम्ही काय कमी नाय केलं. हार घातले, नारळ वाहिला. अस्थी पण दादरला समुद्रात सोडल्या."

मी त्याच्या अंगावर धावून गेले. आमचं माणूस, आम्हाला न विचारता, राखसुद्धा ठेवली नाहीत! तो रडायला लागला. आई मात्र एकदम शांत झाली.

"समुद्रात?" तिने विचारलं. "नक्की समुद्रात?"

रविवारी उपासना संपल्यावर तिने पाळकसाहेबांना दारातच गाठलं. "साहेब, समुद्र मेलेल्यांना परत देणार ना? मग माझा मुलगा समुद्रात आहे." ते म्हणाले, त्याचा अर्थ वेगळा आहे. ती ऐकायला थांबलीच नाही.

तिचं समाधान झालं, माझं नाही. पुनरुत्थानावरचा माझा विश्वास तेव्हाच उडाला. न्यायाचा दिवस मात्र मला हवाच होता, अजून हवा आहे. गोळी झाडणाऱ्याला आणि झाडायला सांगणाऱ्याला कुठेतरी उभं करून जाब विचारायला नको? भाऊ कुठून उठणार यावर सगळे बोलले. त्याला मारला कोणी, हे चर्चमध्ये एकानेही विचारलं नाही. पुढे महाराष्ट्र झाला, चाळीत पेढे वाटले. आईने पेढा घेतला आणि दादरच्या किनाऱ्यावर जाऊन बसली.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ती गेली. जाण्याआधी मला म्हणाली, "माझे पाय पश्चिमेकडे कर. समुद्र तिकडे आहे. तो वर येताना मला दिसला पाहिजे."

"आणि बाबा?"

"ते बघतील मागे वळून."

दफनभूमीत नवे पाळक अडून बसले. "असं करता येत नाही. प्रभूकडे पाठ होईल त्यांची."

"होऊ द्या," मी म्हणाले. "त्याने आधी तिच्याकडे केली होती."

मी खड्ड्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. त्यांनी पेटी फिरवून घेतली, तेव्हाच मी खड्ड्यापासून बाजूला झाले.