दर सांगण्याआधी ती भिंतीकडे पाहायची

काटोलला आमच्या घराशेजारी किराण्याचं दुकान आहे आणि गल्लीतला एकुलता एक फोन तिथंच आहे. त्या दुपारी दुकानदाराची सून घाईघाईनं आली. "काकू, नागपूरचा फोन आहे, लवकर चला." हातातलं सूप तसंच खाली ठेवून मी गेले. पलीकडून माझी भाची रंजू बोलत होती. "आत्या... आई गेली." मी विचारलं, "कुठे गेली?" खरंच, असंच विचारलं मी! कारण माझी सिंधूवहिनी कुठे जाणारी बाईच नव्हती. लग्न होऊन नागपुरात तांडापेठेतल्या माझ्या माहेरी आली आणि बाहेरच्या खोलीत जी बसली ती तिथंच. आधी मागासाठी सुताच्या कांड्या भरत, आणि माग गेल्यावर लोकांच्या कपड्यांना इस्त्री करत. रंजू पलीकडे हुंदके देत होती आणि मला काय यावं, तर राग. अगं बाई, अशी कशी गेलीस? सांगायची काही रीत?

दिवाळीनंतर मी माहेरी गेले होते तेव्हा ती नेहमीच्या जागी बसून काम करत होती. दारात एक नवी बाई आली, बदली होऊन आलेल्या कुणाची तरी बायको, आणि तिनं विचारलं, "कसे घेता हो कपड्याचे?" वहिनीनं इस्त्री उभी केली. डावीकडच्या भिंतीकडे पाहिलं, थोडी थांबली, आणि मग दर सांगितला. त्या भिंतीशी काहीच नव्हतं. एक खुंटी आणि चुन्यावर माणसाच्या पाठीएवढा तेलकट डाग. ती बाई गोंधळून आपली भिंतीकडेच बघत राहिली. बिचारीला काय ठाऊक. मला ठाऊक होतं. तिथं माझ्या दादाची खाट असायची.

आम्ही कोष्टी. बाहेरच्या खोलीत जमिनीतच माग. गुडघ्याच्या वर खोल असा खड्डा, त्यात पाय सोडून विणकरानं काठावर बसायचं आणि पायानं पावड्या दाबायच्या. माझे वडील तिथं बसले, त्यांच्यामागून दादा बसला. नऊवारी लुगडी विणायचा. हात असा सफाईदार की व्यापारी काठ उलटून बघत. मग सुताचे भाव चढले, गिरणीच्या स्वस्त साड्यांनी बाजार भरला, आणि त्यातच दादाला खोकला लागला. मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात टीबी सांगितला. इंजेक्शनं, दूध, अंडी, आराम... आराम! हातावर पोट असलेल्या माणसाला डॉक्टर आराम लिहून देतात आणि पुढच्याला आत बोलावतात. माग विकावा लागला. उमरेडचे लोक लाकडं सुटी करून बैलगाडीत घालून घेऊन गेले. खड्डा तेवढा राहिला. दादा भिंतीशी खाटेवर पडून त्या खड्ड्याकडे बघत राही. बोलणं बंद. खायला दिलं तर खाई, नाही दिलं तर मागत नसे. मी तेव्हा काटोलहून दर पंधरवड्याला एसटीनं यायची, मोसमात संत्री घेऊन, आणि ती संत्री त्याच्या उशाशी वाळून जात. वहिनी मला मागल्या अंगणात नेऊन म्हणाली, "कमल, औषध चालू आहे वं. पण यायच्या मनातूनच जगणं निघून गेलं. मी काय करू?"

तिनं काय केलं, तर इस्त्री सुरू केली. ही कल्पना तिच्या डोक्यात कुठून आली, देव जाणे. जवळच सरकारी नोकरदारांच्या नव्या वसाहती झाल्या होत्या, टेरिलीनचे शर्ट आले होते, ऑफिसात चुरगळलेला शर्ट चालेनासा झाला होता. माझ्या घरी एक जुनी पितळी कोळशाची इस्त्री पडून होती. ती मी मांडीवर घेऊन एसटीतून आणली, कंडक्टरनं त्यावरून चार वेळा टोमणे मारले. पण घरात इस्त्री येऊन भागलं का? आमच्या माणसांत कुजबूज सुरू झाली. कोष्ट्याची सून दुसऱ्यांच्या घरचे कपडे उचलणार? हे काम वरठ्याचं, म्हणजे धोब्याचं. आमच्या एका चुलत्यानं तर येऊन सांगितलं, "सून आहेस का कोण आहेस? घराण्याचं नाक कापून राहिली तू." वहिनी डोक्यावरचा पदर पुढे ओढून म्हणाली, "मामंजी, दूध तुम्ही पाठवता का मग?" चुलते चहा न घेताच गेले. असल्या चहाचा खर्च वाचला, असं मी म्हटलं आणि कितीतरी दिवसांनी ती हसली.

खरी अडचण जागेची होती. खोली एवढीशी. अर्धी खाटेनं घेतलेली, अर्धी खड्ड्यानं. खड्डा बुजवायचा विषय कुणी काढायचा? शेवटी वहिनी खाटेपाशी बसली. "खड्डा तसाच ठेवते. समोर नुसत्या फळ्या टाकते, काठावर बसून इस्त्री करते. बसू का तुमच्या जागी?" दादानं तोंड भिंतीकडे केलं. नाही मात्र म्हणाला नाही. मग ती बसली. विणकर बसतो तशीच, पाय खड्ड्यात सोडून, समोर फळ्यांवर घोंगडी आणि जुनं लुगडं अंथरून. कोळसे मात्र ती घरात कधीच पेटवत नसे. धूर दादाच्या छातीत जाईल म्हणून भर मे महिन्यात, नागपूरच्या उन्हात, बाहेर कडुलिंबाखाली सुपानं वारा घालून निखारे लाल करी आणि धूर पार मेल्यावरच इस्त्री आत आणी. तिचा चेहरा कायम भाजल्यासारखा दिसे.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते मास्तरांची बायको. एक लुगडं आणि दोन शर्ट. "कसे घ्याल?" वहिनी गडबडली. इस्त्री आणली, कोळसा आणला, फळ्या टाकल्या, पण दराचं काही ठरवलंच नव्हतं! तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. आणि खाटेवरून आवाज आला, "वारावर घे."

दादा! कितीतरी दिवसांनी बोलला होता. कोपरावर उठून बसला होता. "कापड म्हटलं का वार आला. लुगडं नऊ वाराचं, शर्टाले कापड लागते अडीच वार. मंग दोघायचा दर सारखा कसा? शर्टाचे लुगड्याच्या पाव घे." मास्तरांची बायको हसू दाबत उभी, वहिनीच्या डोळ्यांतून पाणी, आणि दादा मागाच्या जागेकडे बोट करून हिशेब समजावून सांगतोय. जन्मभर त्यानं कापड वारावर विकलं होतं. दुसरं माप त्याला ठाऊकच नव्हतं, आणि आमच्या घरात कुणालाच नव्हतं.

आता इस्त्री करणारं कुणीही सांगेल, लुगडं सोपं. चौपट घडी घातली की सरळ हात फिरतो. शर्टाला कॉलर, मनगटं, बाह्या, गुंड्यांची पट्टी... जीव जातो. झालं काय, दादाच्या दरानं लुगडं महाग आणि शर्ट कवडीमोल. लुगडी कोपऱ्यावरच्या वरठ्याकडे राहिली आणि वसाहतीतले शर्ट गठ्ठ्यानं आमच्या दारात आले. वहिनी मान मोडून कॉलरी दाबायची आणि कोळशाचे पैसेही निघत नव्हते. मी तिला फैलावर घेतलं. "वहिनी, वेडी आहेस का? हा धंदा आहे की दानधर्म? बदल दर!" तिनं मला हात धरून बाहेर ओढलं. "हळू बोल. दर चुकला तर चुकू दे वं. हे बोलून तर राहिले ना? सकाळी विचारत होते, किती कपडे आले म्हणून. पोळी मागून घेतली त्यायनं. तुले समजते का, मागून घेतली!"

मी आत गेले आणि शर्टांच्या घड्या घालायला बसले.

मग एक दिवस वरठ्याची बायको अनसूयाबाई भांडायलाच आली. रस्त्यापासूनच सुरू. "काहो कोष्टीणबाई, आमच्या पोटावर काहून पाय देऊन राहिल्या? या भावात शर्ट करता, कोळसा फुकट भेटते काय तुमाले?" वहिनी धावत बाहेर गेली आणि तिला लिंबाखाली बसवून सगळं सांगितलं. अनसूयाबाई आली होती वाघिणीसारखी, पण थोड्या वेळानं पदरानं नाक पुसत होती. तिनंच तोड काढली. लिंबाखाली अनसूयाबाईचा दर घ्यायचा, शर्टाचा शर्टाएवढा, लुगड्याचा लुगड्याएवढा. घरात पाय ठेवला की दर दादाचा. गल्लीला तिनंच दम भरला, "त्या माणसासमोर तोंड उघडलं कोणी तर पाहा मंग." आणि काय गल्ली ती! बाया बाहेर पैसे देत आणि आत येऊन दादाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "वारावरच ना हो भाऊजी?" एकजण तर इतकं ठासून म्हणायची की वहिनीला पदर तोंडात कोंबावा लागे.

दादा सावरू लागला. लुगडं आलं की आधी त्याच्या मांडीवर जाई. तो हातानं मोजे, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक हात, दोन हातांचा वार. "हे नऊ भरत नाही. दुकानदारानं फसवलं तुम्हाले." बाया मुद्दाम नवी लुगडी मोजून घ्यायला आणू लागल्या. त्याचे गाल भरले. संत्री सोलून खाऊ लागला. बिया तळहातावर घेऊन रंजूला म्हणे, पेर, झाड येईल. वहिनी मला म्हणाली, "पावसाळा काढतील, कमल. मी सांगते तुले, पावसाळा काढतील हे."

आणि मग तो माणूस आला. वसाहतीत नवा, कुठल्याशा कचेरीतला, शर्टांची चळत घेऊन. त्याला लिंबाखालचं कुणीतरी समजावलं, पण त्यानं ऐकलं अर्धं. पैसे दिले, आत आला, आणि दादाच्या तोंडून शर्टाचा दर ऐकून दारातच उखडला. "बाहेर एक भाव, आत एक भाव? ही काय लबाडी आहे? आजाऱ्याला पुढे बसवून लोकांना लुटता?" वहिनी हात जोडत होती, गप्प बसा, बाहेर चला, पैसे परत घ्या... पण त्याचं तोंड सुटलं ते सुटलंच. त्याला आजही मी ओळखेन. दिसला तर सोडणार नाही. दादाच्या मांडीवर एक लुगडं अर्धं मोजलेलं होतं. दादानं हात थांबवले. नीट घडी घातली. वहिनीकडे दिलं आणि आडवा झाला, तोंड भिंतीकडे करून.

वहिनीनं काय नाही केलं? रंजूची शपथ घेतली. आजपासून सगळीकडे तुमचाच दर, म्हणाली, आणि खरोखरच घेतला! पुन्हा शर्टांचे ढीग, पुन्हा तोटा. हाताला फोड, डोळे धुरानं सुजलेले. येताजाता लुगडी त्याच्यापुढे ठेवी, "मोजून द्या ना हो, मले जमत नाही." दूध परत, अंडं परत. मी खाटेशी बसून भांडले, रडले, दादा, अरे तिच्याकडे तरी बघ. भिंतीला सांगितलं असतं तर बरं, इतका तो गप्प. पावसाळा काही त्यानं काढला नाही. वहिनीचा तो आक्रोश मला अजून ऐकू येतो. तोंड कपड्यांच्या गठ्ठ्यात खुपसून रडत होती ती, लोकांच्या धुतलेल्या कपड्यांत, आणि गल्लीत कुणीही त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

त्यानंतर ती अनसूयाबाईच्या दरानंच काम करत राहिली. रंजूला वाढवलं, शिकवलं, लग्न करून दिलं. खड्डा बुजवला नाही. लुगडं आलं की आधी हातानं मोजी. कुणी मागितलेलं नसे, त्याचा पैसा मिळत नसे. आणि दर विचारला की आधी भिंत. मला वाटायचं, मनातला सल आहे, चालायचंच. पण दिवाळीनंतरच्या त्या भेटीत, ती बाई गेल्यावर मी न राहवून म्हटलं, "वहिनी, पुरे आता. तू त्याच्याच जिवासाठी केलं होतं ना सगळं?" तेव्हा तिनं मला कधीच न सांगितलेलं सांगितलं. शेवटच्या दिवशी दादा एकदा बोलला होता. तिचा फोड आलेला हात हातात घेतला आणि म्हणाला, "मले सांगायचं होतं ना वं. माहा दर चुकला म्हणून. दोघं बसून बसवला असता आपण."

"एवढंच म्हटलं त्यायनं," वहिनी म्हणाली. "दोघं बसून. मले वाटलं मी यायले जगवून राहिली. अन् यायले काय पाहिजे होतं, तर मी विचारावं. म्हणून आता विचारते वं. रोज विचारते." इस्त्रीतले निखारे विझत आले होते. ती ते हलवायला उठली.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि रंजू बाहेरच्या खोलीत बसलो होतो. पाहुणे गेले होते. फळ्यांवर घोंगडी तशीच अंथरलेली, इस्त्री थंडगार. दारात तीच बाई आली, दिवाळीनंतरची. तिला काही कळलेलं नव्हतं. हातात नवं कोरं लुगडं. "अहो, हे उद्या सकाळी हवं होतं. कसे घ्याल?" रंजूनं उठून ते लुगडं घेतलं, फळ्यांवर पसरलं, आणि कोपरापासून बोटांपर्यंत मोजू लागली. एक हात, दोन हात... तिला हे कुणी शिकवलं होतं? बाई पुन्हा म्हणाली, "दर सांगा ना." आम्ही दोघींनीही भिंतीकडे पाहिलं.