आईचं गोंदण आणि मी गाळलेल्या ओळी

तुमच्या आईनं स्वतःच्या चेहऱ्यासाठी तुमच्याकडे कधी काही मागितलंय? मागितलं तेव्हा तुम्ही तिचं ऐकलंत, की तिलाच चार गोष्टी ऐकवल्यात?

मी ऐकवल्या. त्याची खूण आता तिच्या हनुवटीवर आहे.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडूजच्या पलीकडे आमचं गाव. वडील पाण्याच्या चळवळीतले, त्यामुळे घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. बाराखडी शाळेत शिकले, पण सलग वाचायला शिकले ते त्या गठ्ठ्यांवर. ‘धिक्कार’ हा शब्द मला ‘धबधबा’च्या आधी वाचता येत होता. पुढे शिकायला सांगलीत आले, विश्रामबागेत खोली घेतली आणि स्वतःच पुस्तिका लिहू लागले.

गेल्या वर्षीची पुस्तिका चेहऱ्याच्या बाजाराबद्दल होती. गोरं होण्याची सलाईन, ओठ फुगवायच्या सुया, सुरकुत्या थिजवणारी इंजेक्शनं, सगळ्यांवर मी तुटून पडले होते. मुखपृष्ठावर एका बाईचा चेहरा रेखाटून घेतला होता: कपाळावर गोंदलेली चंद्रकोर, हनुवटीवर तीन ठिपके. तो माझ्या आईचा चेहरा होता. तिला विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे सुचलंसुद्धा नव्हतं. सभेत मी ती पुस्तिका उंच धरायचे आणि म्हणायचे, “ही आमच्या आयांची सही आहे, कुठल्याही मशीनला ती पुसता येणार नाही!” टाळ्या पडायच्या.

आणि एका दुपारी आई एसटीनं माझ्या खोलीवर आली, चहा प्यायली आणि म्हणाली, “ह्ये गोंदण निघतंय म्हणं.”

“कोण म्हणतं?”

“आमच्या बचत गटातल्या एकीनं हातावरचं काढलं साताऱ्यात. लेझरनं. मी बी जाऊन इचारून आले डाक्टरीणबाईंना. त्यांनी ह्यो कागद दिला. इंग्रजी हाय. म्हणल्या, घरात कोण शिकलेलं असंल त्याच्याकडनं वाचून घ्या, पटलं तर या. आदी एकाच ठिपक्यावर करून बघू.”

मला हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग राग.

“आई, अगं हे आपलं आहे. आपल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या...”

“आपलं न्हाई, माझं हाय. सात वर्सांची हुते मी. दोघींनी हात धरलं, एकीनं डोस्कं, आन गोंदणारीनं सुया टोचल्या. भ्यानं मुतले हुते बाई तितंच. आरशात बघितलं की त्योच दिस दिसतोय मला.”

“पण आता पन्नाशीला आल्यावर काय करायचंय?”

“तू म्हैन्याला भुवया कोरून घेतीस, ती चळवळ हाय व्हय?”

तिनं कागद माझ्यापुढे सरकवला, “वाच,” म्हणाली, आणि येताना आणलेली मेथीची जुडी निवडायला बसली.

मी कागद वाचला. तेवढ्यावर थांबले नाही, लॅपटॉप उघडून या विषयावरचे अलीकडचे संशोधनाचे लेखही चाळले. त्यांत दोन्ही गोष्टी होत्या. सावळ्या कातडीत रंग जास्त असतो, त्यामुळे लेझरची ताकद चुकली तर कातडी भाजते, काळे-पांढरे डाग पडतात, वण उठतो. शिवाय आपल्यासारख्या कातडीवर अभ्यासही कमीच झालेत. हे सगळं खरं होतं. पण त्याच लेखांत असंही होतं, की योग्य प्रकारचं लेझर, बेताची ताकद, आधी छोटी चाचणी, दोन वेळांमध्ये काही आठवड्यांचं अंतर आणि जाणता डॉक्टर, एवढं सांभाळलं तर हातानं गोंदलेली जुनी काळी गोंदणं बऱ्यापैकी फिकी होतात. पूर्ण जातीलच असं नाही. डॉक्टरांच्या कागदावरही हेच होतं, आणि मागच्या बाजूला ठळक अक्षरांत छापलं होतं: हे काम डॉक्टरशिवाय दुसऱ्या कुणाकडून, दुसऱ्या कुठल्याही उपकरणानं करून घेऊ नका.

पत्रक लिहिताना मी जे करते तेच केलं. आपल्या बाजूचं उचललं, बाकीचं सोडून दिलं.

“आई, लेझरनं कातडी भाजते,” मी म्हणाले. “आणि पांढरे डाग पडतात. ते कायमचे राहू शकतात.”

“आन चांगलं काय लिवलंय का न्हाई त्यात?”

“नाही.”

हे मी तिच्या काळजीपोटी बोलले, असं मला इथे लिहिता आलं असतं. पण ते खरं नाही. तिच्या कातडीचं मला काही पडलं नव्हतं. मला पडलं होतं माझ्या मुखपृष्ठाचं. जिचा चेहरा मी सभांमधून नाचवला, तिलाच तो नको होता, हे लोकांना कळलं तर माझं काय, एवढंच डोक्यात होतं.

आई “बरं” म्हणाली. मेथीच्या काड्या जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून तिनं बाहेर टाकल्या आणि संध्याकाळच्या गाडीनं गावी गेली.

दोनेक महिन्यांनी वडिलांचा फोन आला: आईच्या हनुवटीत पू झालाय. मी पोचले तेव्हा ती पदरानं तोंड झाकून बसली होती. बाजाराच्या गावात एक पार्लर आहे, तिथे जाऊन आली होती. हनुवटीपासून सुरुवात केली, कपाळ पुढच्या खेपेला करायचं होतं.

“लेझर न्हाई केलं गं मी,” ती मला समजावत होती. “तू सांगितलं हुतंस ना. त्या पोरीला धा येळा इचारलं. ती म्हणाली, ह्यात लेझरबिझर काय न्हाई मावशी, निसतं पेन हाय, बारकी ठिणगी टाकतंय. म्हणलं मग बरं.”

तिनं माझं ऐकलं होतं. अक्षरशः ऐकलं होतं. ज्या ओळीनं ती वाचली असती ती कागदाच्या मागच्या बाजूला होती आणि मी ती गाळली होती, कारण डॉक्टरकडे हे करता येतं, असा त्या ओळीचा अर्थ होत होता.

साताऱ्याच्या त्या डॉक्टरीणबाईंकडे मी तिला घेऊन गेले. त्यांनी जखम पाहिली आणि त्या चिडल्याच. “मावशी, मी कागद दिला होता ना? वाचून नाही घेतलात?”

“घेतला की,” आई म्हणाली. माझ्याकडे न बघता. “हिनं वाचला. हिला पायजे तेवढा.”

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिल्या. मी भिंतीवरचा तक्ता वाचायला लागले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “तुला कळलं होतं?”

“मेथीची आख्खी जुडी निवडून झाली तरी तू वाचतच हुतीस. आन बोललीस दोन-तीन वाक्यं.”

“मग परत का नाही विचारलंस?”

“इचारलं की, चांगलं काय हाय का म्हणून. तू न्हाई म्हणलीस. पोटच्या पोरीला दुसऱ्यांदा इचारायचं म्हंजे तू खोटं बोलतीस असं तोंडावर म्हणल्यागत हुतंय.” स्टँडवर आम्ही गाडीची वाट बघत बसलो तेव्हा तिनं आणखी एक सांगितलं. “आन त्या पुस्तकावरचं माझं त्वांड काढ. गटातल्या बायकांनी दावलं मला. मी वाट बघत हुते, तू सांगशील म्हणून.”

उरलेल्या प्रतींचं मुखपृष्ठ मी फाडलं. वाटल्या गेल्या त्यांचं काही करता येत नाही.

हनुवटीवर आता फिकट गुलाबी, उठलेला वण आहे, आणि त्याच्या कडेनं ठिपके तसेच दिसतात. डॉक्टर म्हणतात, हळूहळू बसेल; किती, ते सांगता येत नाही. चेहऱ्याच्या बाजाराबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. कातडी जाळणारं ते पेन आणि ते पार्लर त्याच बाजारातली आहेत. पण आईला तिथपर्यंत नेऊन सोडलं ते बाजारानं नव्हे.

जखम भरल्यावर ती कपाळासाठी पुन्हा साताऱ्याला गेली. या वेळी दवाखान्याच्या बाकावर मी तो कागद दोन्ही बाजूंनी, आमच्या बोलीत, वाचून दाखवला. तिनं मधेमधे थांबवून सात प्रश्न विचारले. तीन मला येत नव्हते, ते लिहून घेऊन आत विचारले. मग ती म्हणाली, “करायचं.” मला ती चंद्रकोर अजूनही सुंदर वाटते. मी ते बोलले नाही. एका कडेला चाचणी झाली आहे. पुढचं काही आठवड्यांनी.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरातली कुणी असा कागद घेऊन आली, तर तो पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, तिला समजेल अशा बोलीत, मोठ्यानं वाचा. तुम्हाला न पटणारी ओळ आली की ती गिळू नका. तिच्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल, तर तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जा, तिच्या मागच्या खुर्चीवर बसा आणि तिला बोलू द्या.