कापूस टेकण्याआधी

अर्धांगवायूनंतर त्वचेला जाणीव उरलीय का, हे आम्ही फिजिओथेरपिस्ट कापूस टेकवून बघतो. पेशंटने डोळे मिटायचे आणि स्पर्श कळला की सांगायचं. आज एक काका मी कापूस उचलायच्या आतच म्हणाले, "कळलं हो, कळलं." बरेच जण असं म्हणतात. ते खोटं नसतं; समोरच्याचा हिरमोड होऊ नये, एवढंच असतं.

डॉक्टरेटला प्रवेश मिळाल्याची दोन पत्रं आठवडाभर टेबलावर आहेत, एक पुण्याचं, एक परदेशातलं. उद्या कळवायचंय. दोन्ही पुन्हा वाचली. आत काहीच हललं नाही.

दुपारी आईचा फोन आला. "परदेशातलंच घेतेयस ना? आनंद झाला ना गं तुला?"

मी डोळे मिटले.

"हो आई, झाला ना."