हातांवर बसणाऱ्या चुरीबाई

तुम्ही कॉम्प्युटरसमोर बसलात की चुरीबाई शेजारी खुर्ची ओढायच्या आणि स्वतःचे दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून बसायच्या. आमच्या शिरगावच्या शाळेत हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंना थंडी वाजतेय. ऑक्टोबरच्या उकाड्यात! विचारलं तर म्हणाल्या, "थंडी नाय हो, राऊतबाई. हे हात मोकळे सोडले ना, की समोरच्याचा माउस ओढून घेतात. मग काम होतं, पण त्याला काय येत नाय."

चुरीबाई बोईसरला औषधाच्या कारखान्यात तीस वर्षं होत्या. यंत्राशेजारी भिंतीवर कागद लावलेले असतात ना, आधी कुठला व्हॉल्व्ह उघडायचा, मग कुठलं बटण दाबायचं, ते कागद त्या लिहायच्या. कालच गावाहून आलेला कामगार तो कागद वाचून यंत्र चालवणार. एक ओळ चुकली की त्याचा हात भाजणार. निवृत्त होऊन शिरगावला परतल्या, वाडीतल्या चिकूंना पाणी घालू लागल्या आणि महिन्याभरात कंटाळल्या.

तेव्हा मी संकटात होते, आणि ते मीच ओढवून घेतलेलं. एका कंपनीनं शाळेला दहा जुने कॉम्प्युटर दिले होते. विकतची नवी प्रणाली त्यांना झेपत नव्हती, म्हणून ओळखीच्या एका इंजिनियरनं त्यांत लिनक्स ही फुकटातली प्रणाली घातली, माझ्या हातात एक चिटोरं ठेवलं आणि म्हणाला, "लागतील ते प्रोग्रॅम तुम्हीच टाका. सोपं आहे." या 'सोपं आहे'वर माझा भारी राग आहे! चित्रं काढायचा प्रोग्रॅम, मराठी टायपिंग, सगळं मी सातवीच्या मुलांना कबूल करून बसले होते. तीन महिने झाले तरी एक प्रोग्रॅम आत जाईल तर शपथ. मुलं रोज विचारायची, "बाई, आज?" शेवटी शाळा समितीचे अध्यक्ष म्हणाले, "दर वेळी बोईसरहून माणूस बोलवायला आपण काय कंपनी हाय? दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेतल्या माणसांना आपलं आपण जमलं तर ठीक. नायतर डबे भंगारात, खोली खिचडीच्या तांदळाला."

चिटोऱ्यावर लिहिलं होतं : काळी खिडकी उघडा, खालची ओळ टाइप करा, पासवर्ड द्या. मी पासवर्ड टाइप करायची आणि पडद्यावर एक अक्षर उमटायचं नाही. मी कळा जोरात दाबल्या. मग आपटल्या. कीबोर्ड मेला म्हणून दुसरा लावला, तोही मेला, मग तिसराही. चौथ्यावर बुक्की उगारली, तेव्हा चुरीबाई दारात उभ्या होत्या. कुणीतरी त्यांना माझी हकीकत सांगितली असावी.

त्यांनी मला सगळं पहिल्यापासून करायला लावलं, स्वतः हातांवर बसून. मग म्हणाल्या, "तिथं पासवर्ड दिसतच नाय. कारखान्यातपण असंच असायचं. आत पोचतो, पण दाखवत नाय. तुमी गुमान लिहा नि एंटर मारा." मारला. प्रोग्रॅम सुरळीत आत गेला. आनंद व्हायचा सोडून माझा पारा चढला.

"मग हे कागदावर लिहायला काय झालं होतं त्याला?"

"त्याला ठाऊक होतं ना, म्हणून नाय लिहिलं," चुरीबाई म्हणाल्या, आणि पिशवीतून लाल पेन काढलं.

पुढचे तीन आठवडे त्यांनी आम्हा शिक्षकांना एकेक करून बसवलं. कोण कुठं थांबतो, कुठं मान खाजवतो, सगळं टिपलं आणि दर वेळी कागद नव्यानं लिहिला. गणिताचे सर "आयकॉन म्हणजे?" म्हणाले, की तो शब्द गेला आणि तिथं चित्र आलं. मी फिस्सकन हसले. "एवढंही कळत नाही सरांना?" चुरीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "राऊतबाई, तुमी तीन कीबोर्ड मारलेत. वाचणारा अडकला तर कागद चुकला. माणूस नाय." आठव्या कागदात काळी खिडकीच उरली नाही. प्रणालीत प्रोग्रॅमचं एक दुकान असतं, पिशवीचं चित्र असलेलं. त्यात शिरायचं, हवा तो प्रोग्रॅम निवडायचा, झालं. सगळं मिळून नऊ ओळी, आणि कारखान्याच्या सवयीनं खाली चुरीबाईंचं नाव.

सुट्टीच्या आदल्या शनिवारी अध्यक्ष आले. मी पदर खोचून तयार! पण ते म्हणाले, "तुमी नको. तुमी पाठ केलं असेल." आणि त्यांनी चहा घेऊन आलेल्या जयवंतीमावशींकडे बोट केलं. मावशी शाळेत खिचडी रांधतात.

"मी? अवो, मी कदी हात नाय लावला त्याला!"

चुरीबाईंनी खुर्ची पुढे सरकवली. "बस जयवंती. कागद वाच." आणि हातांवर बसल्या.

मावशींनी पदराला हात पुसले. एकेका ओळीवर बोट ठेवत पिशवीचं चित्र शोधलं, दुकान उघडलं, चित्रांचा प्रोग्रॅम निवडला, आकड्यांचा पासवर्ड घातला. तेवढ्यात कॉम्प्युटरनं परत पासवर्ड मागितला. मावशींचा हात थबकला. "चुकलं वाटतं माझं," त्या पुटपुटल्या आणि उठायलाच लागल्या.

"अहो, सांगा ना तिला," अध्यक्षांनाच राहवेना.

"कागद सांगेल," चुरीबाई म्हणाल्या. त्यांचे तळवे जागचे हलले नाहीत.

मावशींचं बोट खाली सरकलं. सातवी ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली, "पुन्हा पासवर्ड मागेल. तुमचं काही चुकलेलं नाही. तोच परत लिहा." त्या परत खुर्चीत टेकल्या. लिहिला. पट्टी भरत गेली आणि पडद्यावर पांढराशुभ्र कोरा कागद उघडला. मावशींनी माउस दाबून त्यावर एक वाकडीतिकडी लाल रेघ ओढली.

"हे पुसायचं नाय हां कोणी," त्या म्हणाल्या.

अध्यक्षांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "मावशी, कितवी शिकलीस?"

"सातवी."

"बरं. तांदूळ व्हरांड्यात ठेवा," ते म्हणाले. मी तिथंच टाळ्या पिटल्या, आणि रडलेही, लाज कसली! खिडकीतून डोकावणाऱ्या सातवीनं शाळा डोक्यावर घेतली.

चुरीबाई आता नाशिकला लेकीकडे असतात. यंदा जूनमध्ये आमच्याकडे नवे सर आले. प्रणालीची नवी आवृत्ती टाकलेली होती, आणि एक प्रोग्रॅम घालताना ते अडले. मी उठेपर्यंत जयवंतीमावशी चूल सोडून आल्या, शेजारी बसल्या आणि दोन्ही तळवे मांड्यांखाली सारले. सर कागद वाचत राहिले, मावशी सरांकडे बघत राहिल्या. थोड्या वेळानं त्यांनी एक हात बाहेर काढला, लाल पेन मागितलं आणि दुसरी ओळ खोडली.

मी लगेच चुरीबाईंना फोन लावला.

"कुठली ओळ खोडली?" त्यांनी विचारलं.

"पिशवीची. नव्या आवृत्तीत पिशवी नाही, निळा चौकोन आहे. मावशींनी चौकोन काढला तिथं."

चुरीबाई मोठ्यानं हसल्या. "माझं नाव खोडा त्या कागदावरचं. तिचं लिहा."